कोऽहम् : बिनडिस्कच्या संगणकाचा इतिहास

२००७ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तालुक्याच्या गावातील एका माध्यमिक शाळेने मला अठरा जुने संगणक दाखवले. मुंबईच्या एका कार्यालयाने ते शाळेला देणगी म्हणून दिले होते. पेंटियम जातीचे, रंग पिवळट पडलेला, रॅम ६४ एमबी. कार्यालयाची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून देण्यापूर्वी सगळ्यांच्या हार्ड डिस्क काढून घेतल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंना हे यंत्रे टेबलांवर मांडून झाल्यावर कळले. अठरा डिस्कांचा खर्च शाळेला झेपणारा नव्हता, आणि संस्थेच्या सचिवांनी भंगारवाल्याशी बोलणेही करून ठेवले होते. "सर, जूनच्या मध्याला शाळा सुरू होईल. तोवर काही झालं तर ठेवू, नाहीतर खोली ग्रंथालयाला देऊन टाकू," बाई म्हणाल्या. खरे सांगायचे तर ग्रंथालयाची गरजही तितकीच खरी होती. त्यामुळे होकार देताना मला थोडे अपराधीच वाटत होते.

मी भौतिकशास्त्राचा अध्यापक. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्स वापरत होतो, तेवढेच भांडवल. कल्पना साधी होती. एक बऱ्यापैकी संगणक विकत घ्यायचा, त्यात डिस्क आणि भरपूर रॅम घालायची, आणि बाकीच्या अठरा यंत्रांनी सुरू होताना लागणारी प्रत्येक गोष्ट नेटवर्कवरून त्याच्याकडे मागायची. यासाठी 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट', म्हणजे एलटीएसपी, ही तयार व्यवस्था होती. सूचना जेमतेम काही पानांच्या. त्या अमलात यायला तीन आठवडे लागले, कारण यंत्रे निरनिराळ्या ठिकाणी अडत होती. पडद्यावर येणारे त्रुटिसंदेश मी एका वहीत उतरवून ठेवत असे. निवृत्तीनंतर ती वही पुन्हा हाती आली आणि एकेका संदेशाचे मूळ शोधत गेलो. तेव्हा लक्षात आले, की यंत्र सुरू होण्याच्या त्या मिनिटभरात वेगवेगळ्या सालांत घेतलेले निर्णय एकामागून एक पुन्हा अमलात येत असतात. यंत्र कुठे अडले हे ओळखायचे तर ते कोणत्या सालात अडले हे ओळखावे लागते. आणि ही साले क्रमाने येत नाहीत.

आपल्याकडे म्हणतात, मूल जन्मते ते 'कोऽहम्' म्हणत. डिस्क नसलेल्या यंत्राची अवस्था तशीच. स्वतःचे नाव, पत्ता, कोणती प्रणाली चालवायची, ती कोणाकडे मिळेल, यांतले काहीच त्याला ठाऊक नसते. ठाऊक असतो तो नेटवर्क कार्डावर कारखान्यातच कोरलेला ४८ बिटांचा क्रमांक. हा क्रमांक साऱ्या जगात एकमेव असावा, ही कल्पना आज इतकी रुळली आहे की ती कधीतरी कोणाला सुचावी लागली हेच आपण विसरतो. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात इथरनेटचे पहिले प्रयोग झाले, तेव्हा पत्ता अवघा आठ बिटांचा होता. एका इमारतीला पुरेल एवढा. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी इथरनेटचे प्रमाणित रूप जाहीर केले, त्यात तो ४८ बिटांचा झाला. यामागचा विचार योगेन दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या निबंधात मांडला. क्रमांक नेटवर्कने द्यायचा नाही, यंत्राने तो जन्मतः घेऊन यायचा. मग ते कोणत्याही गावात, कोणत्याही तारेला जोडा. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी क्रमांक मावतात. यांतले दलाल हे आयआयटी मुंबईचे पदवीधर. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर अठरा कार्डांचे अठरा क्रमांक आहेत आणि प्रत्येकापुढे मुलांनी यंत्राला दिलेले नदीचे नाव : गोदा, भीमा, नीरा, कुकडी, घोड... घोड हे नाव ज्या यंत्राला मिळाले ते मात्र बाकीच्यांच्या मानाने फारच संथ होते. असो.

डिस्क काढून टाकण्याची कल्पना मुळात गरिबीतून आलेली नाही, हे आधी सांगायला हवे. आमच्या शाळेत येणारे पाहुणे हटकून म्हणत, "वा, गरीब शाळांसाठी चांगली युक्ती आहे." ही युक्ती मुळात स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठातली. तिथे डेव्हिड चेरिटन आणि विली झ्वेनेपूल यांनी १९८३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. डिस्क नसलेल्या यंत्राने दुसऱ्या खोलीतल्या मोठ्या यंत्राच्या डिस्कवरून नेटवर्कमार्फत वाचले, तर किती वेळ वाया जातो, याची मोजणी त्यात होती. उत्तर : फारसा जात नाही. त्या काळी हार्ड डिस्क महाग होती, तापत असे आणि आवाज करी. ती प्रत्येकाच्या टेबलापाशी ठेवण्यापेक्षा बंद खोलीत एकच मोठी ठेवावी, हे सोयीचे. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ ची, आणि तिचे नावच 'स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क'च्या आद्याक्षरांवरून पडलेले. तिने असे बिनडिस्कचे संगणक अभियंत्यांच्या टेबलांवर नेऊन ठेवले. त्यांची किंमत आमच्या अठरा यंत्रांच्या मालकांनाही परवडली नसती.

मग प्रश्न आला तो 'कोऽहम्'चा. त्याचे पहिले उत्तर जून १९८४ चे, तेही स्टॅनफर्डचेच. इंटरनेटचे सगळे संकेत ज्या दस्तऐवजांत नोंदलेले असतात त्यांना आरएफसी म्हणतात, आणि ही मालिका १९६९ पासून अखंड चालू आहे. तिच्यातील ९०३ क्रमांकाच्या टिपणात रॅार्प नावाची पद्धत आहे. यंत्राने आपला जन्मक्रमांक ओरडून सांगायचा, आणि ज्याच्यापाशी यादी असेल त्याने त्याचा इंटरनेट पत्ता सांगायचा. पत्ता मिळाला, पण पुढे काय? प्रणाली कुठून आणायची, कोणत्या नावाची फाइल मागायची, हे रॅार्प सांगत नसे. वर्षभराने, सप्टेंबर १९८५ मध्ये, स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनचे जॉन गिलमोर यांनी ९५१ क्रमांकाचे टिपण लिहिले आणि एकाच पाकिटात तिन्ही गोष्टी बसवल्या : तुझा पत्ता हा, तुला प्रणाली देणारा अमुक, आणि त्याच्याकडे मागायच्या फाइलचे नाव तमुक. या पद्धतीचे नाव बूटपी.

हे टिपण वाचण्यासारखे आहे. त्यात एका भागाचे शीर्षकच 'कोंबडी आणि अंडे' या अर्थाचे आहे. ज्या यंत्राला स्वतःचा पत्ता माहीत नाही, त्याच्या पत्त्यावर उत्तर पाठवायचे कसे, हा तो पेच. लेखकांनी तो शब्दांचा डोलारा न रचता सोडवला आहे : जमल्यास थेट जन्मक्रमांकावर पाठवा, नाहीतर सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगा; ज्याचे आहे तो घेईल. गावच्या बसस्थानकावर नाव माहीत नसलेल्या पाहुण्याला शोधण्याची रीतही याहून वेगळी नसते. बूटपीच्या पाकिटात फाइलच्या नावासाठी १२८ बाइटांची जागा राखलेली आहे. १९९३ साली राल्फ ड्रोम्स यांनी डीएचसीपी आणले. आज आपला फोन घरच्या वायफायला जोडला की पत्ता मिळतो तो याच पद्धतीने. त्यांनी बूटपीचा साचा मोडला नाही, तोच पुढे वाढवला. त्यामुळे ती १२८ बाइटांची जागा अजून तशीच आहे. फोन सुरू व्हायला कोणाकडे फाइल मागत नाही, तरी त्याला येणाऱ्या पाकिटात ती जागा असतेच, बहुधा रिकामी.

या रिकाम्या जागेने मला चार दिवस छळले. वहीत ३ जूनची नोंद आहे : 'पीएक्सई-ई५३. भीमा, कुकडी आणि आणखी सात. उरलेली नऊ ठीक. दुपारी उलट.' म्हणजे सकाळी जी यंत्रे व्यवस्थित सुरू होत ती दुपारी अडत, आणि अडलेली चालत. मी केबल बदलल्या, कार्डे अदलाबदल करून पाहिली. ई५३ चा अर्थ 'फाइलचे नाव मिळाले नाही'. मिळाले कसे नाही? सर्व्हरवर मी ते डोळ्यांदेखत लिहिले होते! अखेर शिपाईमामांनी एक साधी गोष्ट सांगितली : कार्यालयातले इंटरनेटचे मोडेम बाई आल्या की चालू होते आणि त्याची तार प्रयोगशाळेतूनच जाते. ते मोडेमही डीएचसीपीने पत्ते वाटत होते. यंत्राने 'मी कोण' विचारले की दोन उत्तरे येत. आमची कार्डे जे आधी येईल ते धरून बसत, आणि मोडेमच्या उत्तरात ती १२८ बाइटांची जागा कोरी असे. यंत्राला पत्ता मिळे, पण पुढची वाट मिळत नसे. अगदी १९८४ च्या रॅार्पसारखी अवस्था. मोडेमचे पत्तेवाटप बंद केल्यावर अठराही यंत्रे चालू झाली. मी शिपाईमामांना चहा पाजला.

त्या आठवड्यात दुसरी एक अडचण स्विचची होती. तोही देणगीतला, पण मोठ्या कार्यालयातला, त्यामुळे हुशार. तार जोडल्यावर तो तीस सेकंद काहीच पुढे जाऊ देत नसे. आधी ऐके, मग शिके. नेटवर्कमध्ये चुकून वर्तुळ झाले तर पॅकेट त्यात कायमची फिरत राहतील, म्हणून घेतलेली ही खबरदारी. ही युक्ती डिजिटल कंपनीत राडिया पर्लमन यांनी शोधली, सालही १९८५ चेच. त्यांनी त्यावर छोटी कविताही केली होती. आमच्या काही कार्डांचा धीर तीस सेकंदांआधीच सुटे. एकाच वर्षी दोन ठिकाणी घेतलेले दोन शहाणे निर्णय बावीस वर्षांनी आमच्या खोलीत एकमेकांच्या आड आले, एवढाच त्याचा अर्थ. स्विचमधली ती सोय बंद केली.

फाइलचे नाव कळले की ती आणायची. ती आणणारा टीएफटीपी आणखी जुना : कॅरन सोलिन्स यांनी लिहिलेले त्याचे टिपण जून १९८१ चे. कार्डावरच्या इवल्याशा चिपमध्ये मावावा म्हणून तो मुद्दाम अशक्त ठेवला आहे. ना पासवर्ड, ना फाइलींची यादी. ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवायचा आणि पोचपावती आल्याशिवाय दुसरा पाठवायचा नाही. दोन एमबीची फाइल म्हणजे चार हजारांवर तुकडे आणि तितक्याच पोचपावत्या. मूळ नियमांत एक खोडही होती. एखादी पोचपावती उशिरा पोचली तर त्यापुढचा प्रत्येक तुकडा दोनदा जाऊ लागे आणि ते दुप्पट शेवटपर्यंत थांबत नसे. जर्मन कवी गटे याच्या कवितेतल्या जादूगाराच्या अर्धवट शिकलेल्या चेल्यावरून या दोषाला नाव पडले. पाणी भरणारा मंतरलेला झाडू त्याला थांबवता येत नाही, अशी ती गोष्ट. १९८९ साली हा नियम दुरुस्त झाला. तुकड्यांचे क्रमांक सोळा बिटांचे, म्हणून जुन्या टीएफटीपीने ३२ एमबीहून मोठी फाइल नेता येत नाही. १९८१ साली इतकी मोठी फाइल कोण नेणार होते?

लोडशेडिंगच्या त्या दिवसांत या पोचपावत्यांची किंमत कळली. सर्व्हर यूपीएसवर असे, यंत्रे नसत. वीज आली की अठरा यंत्रे एकाच क्षणी जागी होऊन एकाच सर्व्हरपुढे हात पसरत. काही 'ई३२' म्हणून, म्हणजे उत्तराची वाट पाहून, थकून बसत. यावर उपाय तांत्रिक नव्हता. मॉनिटर नेमलेल्या मुलीने टाळी वाजवली की एकेका रांगेने बटण दाबायचे, असा नियम केला.

यापुढचा टप्पा मला सगळ्यांत आवडतो. प्रणालीचा गाभा आला, आता त्याला फाइलींचे भांडार हवे. ते सर्व्हरवरून देणारे एनएफएस सनमध्ये तयार झाले. रसेल सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी त्याची रचना १९८५ च्या निबंधात सांगितली आहे. तिचे मर्म असे, की सर्व्हरने कोणी काय उघडले आहे याची आठवण ठेवायचीच नाही. प्रत्येक मागणीत तिला लागणारी सगळी माहिती असते. त्यामुळे सर्व्हर मध्येच पडला आणि उठला, तरी मागणाऱ्याला नुसते थांबावे लागते. एकदा आठवीतल्या एका मुलाचा पाय अडकून सर्व्हरची नेटवर्क केबल निघाली. अठरा पडदे जागच्या जागी थिजले. माझ्या यंत्राच्या काळ्या पडद्यावर संदेश आला : सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न करतो आहे. केबल परत लावली, आणि मुलांची बोटे ज्या अक्षरावर थांबली होती तिथून शब्द पुढे सरकले. 'अजून प्रयत्न करतो आहे' हे शब्द मुलांना फार आवडले. पुढे कित्येक दिवस गृहपाठ विचारला की तेच उत्तर मिळे.

शेवटी चित्र. ते एक्स विंडोचे. एमआयटीच्या अथेना प्रकल्पाच्या वातावरणात बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी १९८४ साली ते सुरू केले आणि १९८७ मध्ये त्याची अकरावी आवृत्ती आली. आकडा तेव्हापासून अकरावरच थांबला आहे. एक्सच्या भाषेत सर्व्हर म्हणजे मुलाच्या पुढ्यातले यंत्र, आणि ग्राहक म्हणजे पलीकडच्या मोठ्या यंत्रावर चालणारा कार्यक्रम. कारण पडदा आणि कळफलक यांची सेवा देणारा तोच. हे शिकवताना मी वर्गात दरवेळी गोंधळलो आहे. इथली बिघाडाची खूण म्हणजे करडा पडदा आणि मधोमध फुलीच्या आकाराचा कर्सर. इथवर सगळे आले, पण नाव विचारणारी चौकट सर्व्हरकडून येत नाही. आमच्याकडे कारण होते सर्व्हरवरची फायरवॉल. ती करडी फुली १४ जूनच्या रात्री साडेअकराला गेली. १५ तारखेला सकाळी शाळा भरली तेव्हा मराठीचा फाँट मी फक्त सर्व्हरवर, एकदाच बसवला होता, आणि अठरा पडद्यांवर मुले आपापली नावे देवनागरीत लिहीत होती. ग्रंथालयाला खोली मिळाली नाही. बाईंनी पुस्तकांची दोन कपाटे प्रयोगशाळेच्याच मागच्या भिंतीला लावली.

एलटीएसपी स्वतः १९९९ चे. मिशिगनमधील जिम मॅक्विलन यांनी ते सुरू केले. त्याच सुमारास इंटेलने नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय पीएक्सई या नावाने प्रमाणित केली. त्याआधी इथरबूटची फ्लॉपी घालून हे काम करावे लागे, आणि आमच्या सहा यंत्रांना २००७ मध्येही ती घालावी लागली. धुळीने दर महिन्याला एक फ्लॉपी जाई. पीएक्सईमागे शाळांचा विचार नव्हता. मोठ्या कार्यालयांत शेकडो यंत्रांवर एका जागी बसून प्रणाली बसवता यावी, हा त्याचा हेतू. त्या दारातून शाळा आत शिरल्या. नॉर्वेत २००१ साली स्कोलेलिनक्स सुरू झाले. फ्लोरिडातल्या लार्गो शहराची नगरपालिका त्याच सुमारास लिनक्स सर्व्हर आणि डिस्क नसलेली टर्मिनल्स वापरून आपला कारभार चालवत होती. नॉर्वे आणि फ्लोरिडा यांना गरीब कोण म्हणेल?

मात्र आमच्या रचनेत आणि सनच्या रचनेत एक मोठा फरक होता, आणि तो मला फार उशिरा उमगला. सनच्या यंत्राला डिस्क नव्हती, पण कार्यक्रम त्याच्याच डोक्यात चालत. आमच्या यंत्रांचे डोकेही सर्व्हरमध्येच होते. त्यांच्याकडे होते फक्त डोळे आणि बोटे. एका मुलाने चलत्चित्राचा खेळ लावला की सतरा जणांचा माउस अडखळे. म्हणजे १९९९ चे तंत्र १९८५ च्या मागे, टर्मिनलांच्या काळात गेले होते. जुन्या अशक्त यंत्रांसाठी ते योग्यच होते. पुढे फेकून दिलेली यंत्रेही सशक्त झाली. २०१९ मध्ये ग्रीसमधील आल्किस जॉर्गोपुलोस यांनी एलटीएसपी नव्याने लिहिले, तेव्हा सर्व्हरकडे राहिली ती डिस्कची प्रतिमा, आणि कार्यक्रम पुन्हा टेबलावरच्या यंत्रात चालू लागले. फेरा पुरा होऊन गाडी सनच्या स्थानकावर परत आली.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. आमच्या नववीच्या मुलांनी दोन वर्षे खपून गावातल्या जुन्या विहिरींची नोंद केली होती : कोणी बांधली, पाणी कधी आटते, बायका तिथे कोणत्या ओव्या म्हणत. हे सारे सर्व्हरवर होते. २०११ च्या पावसाळ्यात सर्व्हरची डिस्क गेली. अठरा यंत्रांच्या स्मरणाची एकच जागा, आणि तिची दुसरी प्रत ठेवण्याचे काम माझे होते. ते मी 'पुढच्या आठवड्यात' करणार होतो. बाईंच्या कपाटात छापील नऊ पाने निघाली. ज्या मुलींनी ओव्या गोळा केल्या होत्या त्या तोवर अकरावीला तालुक्याबाहेर गेल्या होत्या. एकीने परत येऊन आजीला पुन्हा विचारले. आजीला त्यांतल्या काही आठवल्या.

त्यानंतर शाळेला डिस्क असलेले नवे संगणक मिळाले आणि जुनी यंत्रे अखेर भंगारात गेली. गेल्या वर्षी तिथल्या तरुण शिक्षिकेचा फोन आला. "सर, एका मशिनवर इंग्रजीत काहीतरी येतंय. ई-६१, केबल तपासा म्हणतंय. केबल लावली, तर ई-५३." डिस्क मेली की यंत्र इतर वाटा चाचपते आणि शेवटी नेटवर्कवर हाक मारते. हाकेला मोडेमने उत्तर दिले होते, कोऱ्या जागेसह. मी वही घेऊन शनिवारी गेलो. या खेपेस मोडेमला हात लावला नाही. पीएक्सईतच अशी तरतूद आहे, की पत्ता एकाने द्यावा आणि फाइलचे नाव दुसऱ्याने. सायमन केली यांचा डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम ते काम करतो. शेजारच्या यंत्राला सर्व्हर केले, आणि त्यातल्या फाइलींची दुसरी प्रत आधी घेतली. दुपारी दोनच्या सुमारास मेलेल्या डिस्कचे यंत्र सुरू झाले. यादीत त्याचा ४८ बिटांचा क्रमांक लिहून मी थांबलो, तेव्हा शिक्षिकेने विचारले, "याचं नाव काय ठेवायचं?"

वहीचे पहिले पान तिच्यापुढे केले. तिने 'नीरा' निवडले.